पाठीवरचं बाळ

"पान उलटू का? की तुमचं अजून व्हायचंय?"

मी दचकलेच. बसमध्ये शेजारच्याच्या पुस्तकात डोकावत होते, आणि तो चक्क मराठीत विचारत होता.

"तुम्हाला कसं कळलं की मी—"

"मघापासून लेकीला सांगताय ना, बूट काढू नकोस म्हणून." त्यानं निहूच्या उघड्या पायाकडे पाहिलं. "तिनं ऐकलेलं दिसत नाही."

"इट्स ग्रँड, मॅमी," निहू म्हणाली. चार वर्षांची माझी मुलगी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अस्सल आयरिश इंग्रजीत.

त्याचं नाव सारंग. मेनूथच्या विद्यापीठात पीएचडी करत होता, राहायला डब्लिनजवळ आमच्याच ल्यूकनमध्ये. माझी नोकरी आणि निहूचं पाळणाघरही मेनूथलाच, त्यामुळे संध्याकाळची बस एकच. हातातलं पुस्तक म्हणजे झिंबाब्वेतल्या शोना भाषेतल्या एका कादंबरीचं इंग्रजी भाषांतर होतं. तो ती मराठीत आणत होता. अडलं की सोबत राहणाऱ्या हरारेच्या मित्राला मूळ शोना मोठ्यानं वाचायला लावायचा.

"कशाबद्दल आहे?" मी विचारलं.

"एक शिक्षिका आहे. देश स्वतंत्र झालाय, पण शाळा बंद पडलीय, दुकानं रिकामी. नवरा खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. हळूहळू तिचं डोकं फिरतं. पाठीशी बाळ बांधून गावभर हिंडते."

"बाळ जगतं ना?"

तो हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला. "शेवट आधीच सांगायचा?"

"बाळ सुखरूप आहे हे कळल्याशिवाय मी कुठलंच पुस्तक वाचत नाही."

"जगतं," तो म्हणाला. "आता ऐकाल?"

तेव्हापासून तो बसमध्ये मला आपलं भाषांतर वाचून दाखवू लागला. खिडकीवर पाऊस, मांडीवर निहू, आणि कानाशी त्याचा हलका आवाज. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

"ह्या वाक्याला नाक मुरडलंस."

"मी? छे!"

"मुरडलंस. मी कागदाकडे बघतच नव्हतो."

"मग वाचत कसा होतास?"

"पाठ करून आलोय…"

एका संध्याकाळी तो नवं प्रकरण घेऊन आला. त्या बाईचे नातेवाईक येतात. कुणी ओरडत नाही, मारत नाही. म्हणतात, दमलीस, आण इकडे… आणि तिच्या पाठीवरच्या कापडाची गाठ सोडतात.

"बास," मी म्हटलं. निहूला उचललं आणि एक स्टॉप आधीच उतरले. पावसात चालत घरी गेले.

निहू झाल्यावर मी आजारी पडले होते. झोप उडाली, नसलेले आवाज ऐकू यायला लागले. काही आठवडे हॉस्पिटलमध्ये राहिले आणि बरी झाले. पण घरी आल्यावर निहूला घेतलं की कुणाचा ना कुणाचा हात पुढे यायचाच. 'दे इकडे, दमली असशील.' प्रतापचाही… म्हणजे माझ्या नवऱ्याचा. पुढे आम्ही वेगळे झालो, भांडण न करता. तेव्हापासून मी माणसांचे चेहरे बघत नाही, हात बघते.

त्या शनिवारी सारंगनं कालव्यावर फिरायला बोलावलं. उतरण्याचं कारण विचारलं नाही. निहू बदकांमागे धावून धावून दमली आणि त्याच्या खांद्यावर झोपून गेली.

"वृंदा, मला तुला एक विचारायचं होतं—"

"आधी माझं ऐक. मग वाटलं तर विचार."

मी सगळं सांगितलं. "तुझ्या भाषेत, डोकं फिरलं होतं माझं."

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. मी निहूच्या पाठीवरच्या त्याच्या हाताकडे बघत होते. तो हात आता तिला घट्ट धरणार, हे मला ठाऊक होतं.

"आता बरी आहेस?"

"हो. दोन वर्षं गोळ्याही नाहीत. पण पुन्हा कधीच होणार नाही, असं कुणी लिहून देत नाही."

"हं…" तो जरा वाकला. "हिला घे गं. हात पार बधीर झालाय माझा. बारीक दिसते, पण केवढी जड आहे!"

आणि निहू माझ्या कुशीत होती. गरम, झोपेनं सैल. तो शांतपणे दंड चोळत होता. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मग त्यानं सॅकमधून छत्री काढली आणि आम्हा दोघींवर धरली.

मी निहूचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. "काय… काय विचारणार होतास?"

"हेच की, नुसत्या बसपुरतं मला पुरत नाहीये." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "तुझं काय?"

"माझंही… नाही पुरत."

पाऊस वाढला तसे आम्ही स्टॉपकडे पळालो. बसमध्ये निहू माझ्या मांडीवर झोपलेलीच होती. तिचा एक बूट सारंगच्या खिशात होता.

"ते राहिलेलं प्रकरण आहे जवळ?" मी विचारलं.

"आहे. पण तिथं ते—"

"माहितेय. वाच तू."

तो वाचू लागला. गाठ सुटली, बाळ दुसऱ्यांच्या हाती गेलं. मी निहूचा पाय हातात धरून ऐकत राहिले. तळाशी येऊन तो थांबला.

"पान उलटू?"

"उलट."