एरंडेलावरची मोटार

लढाईचे दिवस होते. धुळ्याच्या बाजारातून इंजिनात घालायचं मोबिल ऑइल दिसेनासं झालं होतं आणि शिरपूरच्या रस्त्यावरच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी एकेक करून झाडाखाली उभ्या राहत होत्या. अशाच एका दुपारी तोताराम तेल्याच्या घाण्यासमोर एक जुनी मोटार धापा टाकत थांबली. भिकू, तोतारामची मुलगी, ओट्यावर एरंडीच्या बिया निवडत बसली होती.

मोटारीतून उतरलेल्या तरुणाचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्याने एरंडेल मागितलं... तेही डबाभर.

"एवढं? कोणाचं पोट बिघडलं?" भिकूने विचारलं.

"हिचं," मोटारीकडे बघत तो म्हणाला, आणि अजिबात हसला नाही. हसू भिकूलाच आलं. ते लपवायला तिने सुपात मान घातली.

तो शिरपूरचा अभिमन. मोटार त्याच्या मामाची, मामामागे त्याच्याकडे आलेली. इंजिन आतून झिजलं होतं. पातळ तेल घातलं की नुसता धूर व्हायचा. तोताराम म्हणाला, मग शेंगदाण्याचं ने, तेही तेलच शे. अभिमन घुटमळला. तेव्हा भिकू उठली, चुलीवर तवा ठेवला आणि त्यावर तीन बोटं ओढली – एक शेंगदाण्याच्या तेलाचं, एक जवसाचं, एक एरंडेलाचं. तिघंही तव्यावर वाकली. शेंगदाण्याचं तेल धुरकटलं, जवसाचं डिंकासारखं चिकटून बसलं. एरंडेल मात्र बराच वेळ जसंच्या तसं चमकत राहिलं. भिकूने मान वर केली, तर अभिमन तव्याकडे बघतच नव्हता.

एरंडेलाची खोड एकच होती. मोटार उभी राहिली, की ते आत चिकट व्हायचं. म्हणून मोटार रोज पळवायची, आणि इंजिन गरम असतानाच जुनं तेल काढून नवं भरायचं. साहजिकच अभिमनला घाण्यावर वरचेवर यावं लागे. जळक्या एरंडेलाचा गोडसर वास गल्लीच्या तोंडाशी आला, की भिकू ओले हात पुसून, केस सारखे करून बाहेर येई. तो सोनगीरच्या चढावर मोटार कशी कुरकुरली ते सांगायचा. नरडाण्याला गाडीत चढलेल्या म्हातारीने वासावरून दवाखान्याची मोटार समजून औषध कसं मागितलं, तेही सांगायचा. घाण्याचा बैल गोल फिरत राही, उखळातली लाकडी लाट करकरत राही, आणि त्या आवाजाआडून दोघांचं बोलणं चाले.

एकदा भिकूने डब्यात डोकावून पाहिलं. "अजून अर्धा भरलेला आहे की."

"इंजिन फार पितं."

"पितं, की तुम्ही रस्ता चुकून येता इकडे?"

"रस्ता चुकत नाही –" तो डब्याचं झाकण उगीच फिरवत म्हणाला, "म्हणून तर येतो."

 यापुढचं बोलायची घाई आहे, असं दोघांनाही वाटलं नाही.

मग लढाई संपली. जळगावला मोबिल ऑइल आलंय, ते आणायला जातो, असं सांगून अभिमन गेला, आणि पुन्हा आलाच नाही. आठवडे गेले. गल्लीत भाजल्या मिरच्यांचा वास यायचा, ढेपेचा यायचा; तो एक वास तेवढा येईना. आता त्याला आपल्या तेलाची गरज उरली नाही, एवढंच भिकूने स्वतःला समजावलं. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळलं, म्हणून तिचं लग्न लांबलं होतं. आता एदलाबादहून स्थळ आलं. तोतारामने विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी दारात मोटार थांबली. धापा नाहीत, वास नाही. भिकूला ती ओळखूच आली नाही. अभिमन वाळला होता. ओट्यावर बसून त्याने तोतारामला सगळं सांगितलं. एरंडेलावर मोबिल ऑइल ओतलं तर दोन्ही एकजीव होत नाहीत, आत गाळ धरतो. बाकीच्या मोटारवाल्यांनी तसंच ओतलं होतं. यानं मात्र अख्खं इंजिन खोललं, एकेक भाग रॉकेलने धुतला, खरवडला, पुन्हा बसवला. त्यातच इतके दिवस गेले.

"तसंच ओतलं असतं, तर दोन दिवसांत रस्त्यावर आली असती, नाना. पण ती पुष्कळ वर्षं चालायला पाहिजे मला."

"मंग आते आमनाकडे काय काम शे?" तोताराम म्हणाला.

अभिमनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेल नको आता. भिकूला मागायला आलोय."

तोतारामने उठून बैल थांबवला. मग दाराकडे वळून म्हणाला, "पोरी, तुले काय वाटस?"

भिकूने चौकट घट्ट धरली होती. "आबा," ती हळूच म्हणाली, "एदलाबादकरांना निरोप धाडा. येऊ नका म्हणावं."

तोतारामने पायांत जोडा सरकवला आणि निरोप्या शोधायला निघून गेला. ओट्यावर दोघंच उरली.

"परत येईन, एवढं तरी सांगून जायचं होतं," भिकू म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"सांगितलं असतं, तर वाट पाहिली असतीस?"

"न सांगताही... पाहिलीच की."