पाचवं नाव

"जरा शिडी धरता का?"

आवाज वरून आला. दिव्यानीनं स्कूटी अंगणात लावली आणि मान वर केली. घरासमोरच्या खांबाला शिडी टेकलेली, शिडीच्या टोकाला एक तरुण, त्याच्या खांद्याला पिशवी आणि हातात वायरचं वेटोळं.

"मी?"

"खाली दुसरं कोनी नाई. एक कोंबडी आहे, पन तिनं नाई म्हटलं."

दिव्यानीला हसू आलं, ते तिनं ओठांतच दाबलं. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात दिवसभर बियाणं तपासून ती परतली होती. केसांत धानाचा भुसा होता, आणि नेमका आजच कोणीतरी वरून बघत होता.

"आन् सोडली त?" शिडी धरत तिनं विचारलं.

"त मी पडन."

"पडा मंग. पन वायर लावून पडा. घरात बाबा वाट पाहून राह्यले."

तो एवढ्या जोरात हसला की शिडी हलली, आणि दिव्यानीनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. शिडीसाठीच धरली असं ती पुढे कित्येकदा म्हणाली. कोणाचा विश्वास बसला नाही.

त्याचं नाव आदेश. वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनच्या मुलखातला. सिंदेवाहीत त्यानं नुकतंच इंटरनेट जोडणीचं दुकान टाकलं होतं. नव्या जोडणीसोबत 'चित्रझुला' नावाचं सिनेमांचं ॲप महिनाभर फुकट मिळत होतं. महिन्यानंतर ठेवायचं की काढायचं, ते घरानं ठरवायचं.

"महिनाभर पाहू," दिव्यानीचे वडील गुणवंतराव म्हणाले. "घराले जमलं त ठेवू. नाई त राम राम." गुणवंतराव धानाचे शेतकरी, पण गावात त्यांची ओळख वेगळी. गावच्या नाटकात खलनायक म्हटला की तेच. त्यांनी नुसते डोळे वटारले तरी पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत.

टीव्ही सुरू झाला. पडद्यावर 'कोण पाहतंय?' असा प्रश्न आला आणि खाली पाच गोल. गुणवंतरावांनी नावं सांगितली: स्वतःचं, बायको रुखमाबाईचं, मोठा मुलगा लोकेशचं आणि दिव्यानीचं. पाचवा गोल उरला.

"रिकामी जागा बरी दिसत नाई," गुणवंतराव म्हणाले. "तिथी तुझं नाव लिव."

"माझं काऊन, काकाजी?"

"आमच्या नाटकाच्या हँडबिलावर दिवाबत्तीवाल्याचं बी नाव राहते. इथी दिवा तू लावला. आन् नाव लावलं त आपल्या मोबाईलवर पाहत बी जाजो."

मग त्यांनी रंगमंचापुढे फोडतात तसा टीव्हीपुढे नारळ फोडला आणि रिमोटला कुंकू लावलं. एवढं झाल्यावर पोराला उपाशी धाडायची रीत या घरात नव्हती. रुखमाबाईंनी ताट वाढलं.

"कापूसवाल्यायले भात पचते का?" दिव्यानीनं वाढताना हळूच विचारलं.

"वाढनाऱ्यावर आहे," तो तितक्याच हळू म्हणाला आणि ताट पुढे केलं.

इथवर सगळं झकास चाललं होतं. पण पोट भरलं की माणूस बोलतो. "काकाजी," आदेश म्हणाला, "तुमच्याकडची मंडई लय नावाजलेली आहे म्हनते. मले बोलवा न. मी येतोच."

रुखमाबाईंचा हात वरणाच्या भांड्यावरच थांबला. लोकेशला ठसका लागला. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. बाजार, नाटक, घरोघरी पाहुणे. आणि त्या पाहुण्यांतच मुलं-मुली दाखवल्या जातात, सोयरिकी जुळतात. लग्नाची पोरगी असलेल्या घरात बिनलग्नाच्या पोरानं आपल्या तोंडानं मंडईचं बोलावणं मागणं म्हणजे... पोरगीच मागणं. तेही पहिल्याच दिवशी, हात खरकटा असताना. वरोऱ्याच्या पोराला यातलं काय ठाऊक? तो बिचारा लोणचं चाखत होता.

"पाहू," गुणवंतराव म्हणाले.

दिव्यानी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि पाणी आणायचंच विसरली.

मग सिनेमे सुरू झाले. गुणवंतरावांचा नियम कडक होता. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बसायचं, मधात उठायचं नाही, पुढे ढकलायचं तर नाहीच. लोकेशला नुसत्या मारामाऱ्या हव्या असत, तो मोबाईल घेऊन गोठ्यात जाऊन बसला. रुखमाबाईंना मनसोक्त रडायला आवडे, त्यांनी चुलीजवळ वेगळा मोबाईल लावला. संध्याकाळी गप्पांना येणारे शेजारी पडद्याकडे बघत गुपचूप बसत आणि गुपचूप घरी जात. शेवटी मोठ्या टीव्हीसमोर गुणवंतराव एकटेच उरले. खलनायकाला असा रिकामा मांडव कधी बघावा लागला नव्हता.

दिव्यानीचं मात्र वेगळंच चाललं होतं.

एका दुपारी तिनं सहज म्हणून पाचवा गोल उघडला. आत एकच सिनेमा होता, तिनं कालच अर्धा सोडलेला. आणि तोही नेमका तिथेच थांबलेला... जिथे तिनं थांबवला होता. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण त्याचा गोल उघडू शकतो, तसा तोही आपला उघडू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनं मुद्दाम एक पाणबुडीचा सिनेमा लावला. इतका रटाळ, की ती स्वतः पेंगली. तरी रेटून निम्म्यापर्यंत नेला. दुसऱ्या दिवशी पाचव्या गोलातली पाणबुडी त्याच समुद्रात, त्याच जागी थांबलेली.

पुढच्या वेळी तिनं एक प्रेमाचा सिनेमा घेतला. नायक बाहेर उभा आहे, दार वाजतंय आणि नायिकेचा हात कडीवर गेलाय... तिथे थांबवला. तोही तिथेच थांबला. आठवडा गेला. कडी काही निघेना.

संशोधन केंद्राच्या फाटकाशी तो दिसला तेव्हा तिनं स्कूटी थांबवलीच. "पानबुडी कशी वाटली?"

तो लाजला. चोरी पकडल्यासारखा वायरचं टोक बोटाला गुंडाळू लागला. "झोप येत होती... पन तुम्ही जिथी थांबल्या, तिथपर्यंत जा लागत होतं."

"काऊन?"

"पुढचं... सोबत पाहाव वाटते."

वाऱ्यावर पिकल्या धानाचा वास आला. दिव्यानीनं हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "तो दरवाज्यावाला मी एकटी पुढं नेनार नाई," ती म्हणाली आणि भुर्रकन निघाली. घरापर्यंतचा रस्ता तिला त्या दिवशी फार आखूड वाटला.

अशातच मामाचा फोन आला. मंडईला तो नागभीडचं एक स्थळ घेऊन येणार होता. त्याच आठवड्यात चित्रझुल्याचा महिनाही संपत होता. ॲप गेलं की पाचवं नाव जाणार. ते गेलं की आदेशला या घरात यायला कारणच उरणार नाही, आणि मंडईला दारात उभं राहील ते नागभीडचं स्थळ. दिव्यानीला घास गोड लागेना.

"बाबा तुम्हालेच विचारनार आहेत, ठेवाचं का काढाचं," तिनं आदेशला गाठून सांगितलं. "ठेवा म्हना. बस."

"पाहू," तो म्हणाला, थेट गुणवंतरावांच्या आवाजात. तिला हसू आलं आणि रागही आला.

रविवारी सकाळी घर जमलं. लोकेश म्हणाला ठेवू. रुखमाबाई म्हणाल्या, "माह्यं रडनं त कांद्यानं बी होते." दिव्यानी मोठ्यानं म्हणाली, "ठेवा," आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"तू सांग," गुणवंतराव आदेशकडे वळले. "लावनारा तू."

आदेशनं एकदा दिव्यानीकडे पाहिलं. "खरं सांगू, काकाजी? तुमच्या घराले हे जमत नाई."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"एकट्या मानसाले, दूर राहनाऱ्याले हे चांगलं आहे. पन तुमचं घर सोबत बसून पाहनारं. एक गोठ्यात, एक चुलीपाशी, तुम्ही इथी एकटे. मी आलो त्या दिवशी सगळे एका जागी जेवत होते."

गुणवंतरावांनी कुंकू लावलेला रिमोट त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "मंग काढ."

आदेशनं बटणं दाबली. पाचही गोल विझले आणि पडदा काळा झाला. दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा खरेपणा कोणी मागितला होता याला? "शाबास," ती त्यालाच ऐकू जाईल असं पुटपुटली.

आदेशनं पिशवी उचलली, पण पाय उचलला नाही.

"काकाजी, त्या दिवशी मी मंडईचं बोलावनं मागतलं होतं."

"मागतलं होतं."

"तवा मले त्याचा अर्थ माहीत नोहता. मंग दुकानात एका गिऱ्हाइकानं सांगितलं... त्या दिवशी जेवनच गेलं नाई." त्यानं पिशवी खाली ठेवली. "आता माहीत आहे. माहीत असून विचारतो. मंडईले येऊ का? आई-बाबाले घेऊन येतो. महिनाभर पडद्यावरच्या नावानं तुमच्या घरात राह्यलो, आता दारातून याव म्हनतो. म्हनूनच मघाशी खोटं बोलता आलं नाई."

गुणवंतरावांनी डोळे वटारले. आदेशच्या कपाळावर घाम आला, पण नजर खाली गेली नाही. रुखमाबाई मात्र पदराआड हसत होत्या. नवऱ्याचा खरा राग कोणता आणि नाटकातला कोणता, हे त्या घरात त्यांनाच कळे.

"दिव्यानी," गुणवंतराव म्हणाले, "तू बोल."

तिनं मान वर केली. "मामाले फोन लावा, बाबा. नागभीडवाल्यायले उगाच तसदी नोका देऊ."

लोकेशला पुन्हा ठसका लागला.

"आमच्या मंडईत मधातून उठून जाता येत नाई," गुणवंतराव आदेशला म्हणाले. "शेवटचा पडदा पडेपर्यंत बसा लागते."

"बसतो."

"मंग ये."

फाटकापर्यंत पोचवायला दिव्यानी गेली. कोंबडी आडवी आली, तेव्हा दोघंही एकदमच थांबले.

"रागावल्या?" त्यानं विचारलं.

"मघाशी. आता नाई... आन् मले तू म्हन."

त्यानं ते 'तू' मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं, कारण त्याचे नुसतेच ओठ हलले. मग तो म्हणाला, "आपला दरवाज्यावाला पिच्चर मात्र अर्धाच राह्यला. पुढं काय झालं, ते कसं समजन?"

"मले माहीत आहे," दिव्यानीनं फाटकाची कडी काढली. "ती दार उघडते. आन् तो आत येते."