धावपट्टीपासून किती पावलं

विमानाच्या कसरती पाहताना मास्तर धावपट्टीजवळ पडून बेशुद्ध झाले, आणि तासाभरात वैमानिकाला पत्र्याच्या खोलीत कोंडलं गेलं. कोंडलं ते त्याच्याच भल्यासाठी. बाहेर जमाव खवळला होता. खोलीला खिडकी नव्हती. चारला पोलिसांची गाडी येणार होती.

तपासणी अधिकारी बाई जागा पाहून आत आल्या तेव्हा साडेतीन झाले होते.

"किती खाली उडत होतात?"

"तीस फूट. तेवढी परवानगी होती. वाऱ्यानं विमान प्रेक्षकांकडे ढकललं. पण मास्तर एवढे जवळ कसे, तेच कळत नाही."

"मी सांगतो," दाराशी उभा असलेला धावपट्टीचा व्यवस्थापक म्हणाला. मास्तर त्याचे सासरे. "चुन्याची रेघ सकाळी मीच आखली. पट्टीपासून शंभर पावलं, नियमाप्रमाणे. सासरे रेघ ओलांडून साठ पावलं पुढे गेले. विमान अंगावर आलंसं वाटून दचकले, दगडावर आपटले."

"बाबा?" कोपऱ्यातून त्याची बायको म्हणाली. "ते रांगेतसुद्धा पुढच्यापासून हातभर लांब उभे राहतात."

"म्हातारपणी होतं असं. तू गप्प बैस."

बाईंनी वही उघडली. रेघ त्या नुकत्याच चालून आल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीसारखी, कुठे पुसट नाही. मास्तर पडले तिथल्या गवताच्या मुळांशीही पांढरं काहीतरी होतं.

"ते पडल्यावर किती जण धावले?"

"सगळेच. पन्नासेक."

"कुठून?"

"रेघेमागून. दुसरं कुठून?"

"सरळ?"

"बाई, माणूस पडल्यावर कोणी वळसा घालतं का?"

"नाही घालत." बाईंनी वही मिटली. "मग शंभर पाय चुन्यावरून गेले आणि रेघ मोडली नाही. म्हणजे ती नंतर आखली."

व्यवस्थापक हसायला गेला, जमलं नाही.

"वारा विमानाला ढकलणार, हे धरूनच शंभर पावलं मोकळी ठेवतात," बाई म्हणाल्या. "ती असली की तीस फुटांवरून उडणं धोक्याचं नाही. पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून तुम्ही सकाळी रेघ चाळीस पावलांवरच आखलीत. मास्तर तिच्या मागेच होते. लोक त्यांना उचलून नेत असताना तुम्ही ती झाडलीत आणि मागे शंभरावर नवी ओढलीत. मुळांत अडकलेला चुना झाडूनं निघत नाही."

"नोकरी गेली असती," तो बायकोला म्हणाला.

"शुद्धीवर आल्यावर बाबा खरं सांगणारच होते. मग ते शुद्धीवर यावेत असं तुम्हाला वाटत होतं की नाही?"



बाईंनी वैमानिकाला उठायला सांगितलं. खोलीत खुर्ची एकच होती; ती त्यांनी व्यवस्थापकाकडे सरकवली.