डेटाबेस चावतो का?

"कुत्रा की मांजर?" मी मान वर न करताच विचारलं.

"डेटाबेस," तो म्हणाला.

जनावरांच्या दवाखान्यात काय काय नावं ऐकायला मिळतात! मी निमूटपणे कार्डावर लिहिलं.

"चावतो का?"

"अजून तरी नाही... नवीनच आहे."

आता मात्र मी वर पाहिलं. हातात पट्टा नाही, टोपली नाही. खांद्याला बॅग, पावसाच्या थेंबांनी धुरकटलेला चष्मा, आणि त्यामागे हसू दाबायची केविलवाणी धडपड.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. "अगं, आपल्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायला आलेत हे. यांना सगळं समजावून सांग."

मी? मलाच कुणीतरी समजावून सांगेल या आशेवर मी होते!

त्याच दुपारी मी त्याला माझी कपाटं दाखवली. प्रत्येक जनावराचं कार्ड माझ्याकडे. एक्स-रेच्या खोलीत त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांची वेगळी फाइल. औषधांच्या खोलीत तिसरीच.

त्याने एकाच कुत्रीच्या तिन्ही नोंदी टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे ती 'ब्राउनी' होती, एक्स-रेवाल्यांकडे 'ब्रावणी', आणि औषधवाल्यांकडे 'कोपऱ्यावरच्या शिंप्याची कुत्री'.

"शिंप्याचा फोन नंबर बदलला तर?"

"मी बदलते की. बाकीच्या दोन खोल्यांना सांगते... आठवलं तर."

"आणि नाही आठवलं तर खरा नंबर कोणता?"

मी तिन्ही नोंदी पुन्हा चाळल्या.

"अहो, सगळीकडे हेच झालं," तो घाईघाईने म्हणाला. जणू माझं तोंड उतरलेलं त्याला बघवलं नाही. "आधी कागद होते. मग कॉम्प्युटर आले, तर प्रत्येक खोलीने आपली वेगळी फाइल केली. गोंधळ तोच, फक्त वेग वाढला. मग लोकांना सुचलं, माहिती एकाच जागी ठेवावी आणि तिच्यावर एक प्रोग्रॅम बसवावा. द्यायचं, घ्यायचं, सांभाळायचं, सगळं त्याच्याच हातून. ती डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम."

"म्हणजे घरात एक कारभारी असावा तसं," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. कारभारी कुणाला म्हणतात हे त्यालाही ठाऊक असणारच! त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. की उन्हानं? पण ऊन कुठं होतं...

मग तो रोज दुपारी येऊ लागला. एकदा त्याने कागदावर झाड काढलं. वर मालक, खाली त्याची जनावरं.

"सुरुवातीला असंच ठेवायचे. वरून खाली, फांदी फांदी."

"मग भुऱ्याला कुठं लटकवणार?"

भुऱ्या आमचा जुना पेशंट. त्याचे मालक-मालकीण वेगळे झालेले. कुत्रा एक महिना याच्याकडे, एक महिना तिच्याकडे. ती आणते तेव्हा नोंद तिच्या कप्प्यातल्या कार्डावर, तो आणतो तेव्हा त्याच्या.

"वा!" तो खूश झाला. "नेमकं इथंच झाड अडलं. मग जाळं आलं. कुणालाही कुणाशीही जोडा." तो रेघा ओढत गेला, आणि कागदाची गुंतलेली लोकर झाली. "यातून वाट काढताना लोक रडकुंडीला यायचे. मग कुणीतरी म्हणालं, दोरे सोडा, साधे तक्ते करा. मालकांचा एक, जनावरांचा एक, कोण कोणाचं ते सांगणारा तिसरा. प्रत्येकाला आपला एक क्रमांक, तो दुसऱ्या कुणालाच द्यायचा नाही. क्रमांक जुळले की नातं जुळलं."

"इतकं सोपं असतं?"

"नातं जुळणं?"

"तक्त्यांचं म्हणतेय मी."

"मी पण... तक्त्यांचंच." त्याने पेन उगाच उघडलं, बंद केलं. "फक्त एकास एक, की एकास अनेक, हे आधी ठरवावं लागतं."

"तुमचं काय मत?"

"माझं... एकास एक."

आम्ही कशाबद्दल बोलत होतो? मी त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत बसले. भुऱ्याचे तर दोन मालक होते!

घरी आत्या वाटच बघत असायची. "रोज केस धुऊन जातेस ते कॉम्प्युटरला दाखवायला?"

"आत्या, काम आहे ते."

"असेल गं. पण कामाचं नाव काढलं की कुणी असं आरशात बघत नाही."

मला खरंच काही कळत नव्हतं. तो माझ्यासाठी थांबत होता, की कामासाठी? कपाटं रिकामी होत होती, तशी एक वेगळीच धाकधूकही होती. शेवटी मी विचारलंच, "सगळं यात गेलं की मला कोण ठेवणार?"

"याला काय विचारायचं, ते कळणारं माणूस लागतं," तो म्हणाला. "भुऱ्याचा प्रश्न मला कुठं सुचला होता?"

"आणि एक्स-रे? फोटो? तेही तक्त्यात?"

"तक्त्यात न मावणारं ठेवायच्याही तऱ्हा निघाल्यात आता. एका मशीनवर मावलं नाही तर अनेक मशीनवर."

"आणि मनातलं?"

तो चष्मा पुसत राहिला. "ते... ते नाही जमलेलं अजून."

शेवटच्या दिवशी त्याने बॅग आवरली. मग परत खाली ठेवली. "एक विचारायचं होतं. तुमचं... म्हणजे तुम्ही —"

दार धाडकन उघडलं. भुऱ्याचा मालक! हातात भुऱ्या, पाय रक्ताळलेला, अंग थरथरणारं. डॉक्टरबाईंनी त्याला टेबलावर घेतलं, इंजेक्शन भरायला घेतलं. मी भुऱ्याचा क्रमांक टाकला. दोन्ही कप्प्यांतल्या नोंदी पहिल्यांदाच एकत्र समोर आल्या. मालकिणीने आणलं होतं तेव्हाची एक ओळ... याच औषधाने भुऱ्याचा श्वास अडकला होता.

"बाई, थांबा! ते नको!"

सुई हवेतच थांबली. बाईंनी दुसरं औषध घेतलं. हळूहळू भुऱ्याची थरथर शमली, शेपूट एकदा हललं.

मालक भिंतीला टेकला. "मला माहीतच नव्हतं हो... आम्ही दोघं बोलत नाही ना."

त्याचे ते शब्द माझ्या छातीत रुतले. वळून पाहिलं तर डेटाबेसवाला जागेवर नव्हता. बॅगही नव्हती. मी तशीच बाहेर धावले.

तो पायरीवर उभा होता, रिमझिम बघत.

"मघाशी काय विचारत होतात?"

"काही नाही... पासवर्ड बदलून घ्या, एवढंच."

"खोटं."

त्याने बॅग खांद्यावर चढवली. आता मागं फिरायचं नव्हतं. "मला तुम्ही आवडता. कामाशी याचा काही संबंध नाही. आणि मला उत्तर साध्या मराठीत हवंय."

त्याचा चेहरा... इतके दिवस मी गोंधळले होते, आता सगळा गोंधळ तिथं जमला होता. तो काहीतरी बोलायला गेला, ठसका लागला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तू... तुम्ही... नाही, तूच," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

आम्ही दोघंही हसत सुटलो. आतून बाईंची हाक आली. मी वळले, तर माझ्या ओढणीचं टोक त्याच्या बोटांत होतं.

"उद्या किती वाजता येऊ?"

"पण काम तर संपलं ना?"

"हो," तो म्हणाला, "म्हणून तर विचारतोय."