क्षमाचं टॉनिक

विक्रोळीला खाडीकडच्या चाळीत जानकीची आणि अनुपमाची खोली शेजारी शेजारी, मध्ये एकच भिंत. दोघींच्या मुलीही एकाच वयाच्या, शाळेत जायच्या आधीच्या. जानकीची क्षमा पांढरीफटक. जिना चढली की धापा टाकायची, भिंतीचे पोपडे उकरून तोंडात घालायची. अनुपमाची विभा मात्र गुटगुटीत, लालबुंद. नळावर बायका विभाचे गालगुच्चे घ्यायच्या, आणि जानकीची कळशी भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नसायचं.

"काय भरवतंस गो हिला?" एकदा तिला राहवलं नाही.

"घरात असतं तेच. भात-आमटी," अनुपमा हसली. ते हसणं जानकीला दिवसभर टोचत राहिलं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं क्षमाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली.

"वडील काय करतात हिचे?"

"जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात."

"तेच शिसं कपड्यांवरून घरात येतंय, पोरीच्या पोटात जातंय. अंगात रक्त धरू देत नाही. कामाचे कपडे घराबाहेर ठेवा. आणि हे लोहाचं टॉनिक द्या. दात काळे पडतील, घाबरू नका."

तेव्हापासून तिच्या नवऱ्याचा, दत्तारामचा शर्ट गॅलरीतल्या खुंटीवर राहू लागला. विभा तिथंही पूर्वीसारखीच त्यात तोंड खुपसून लपाछपी खेळायची. जानकी रोज सकाळी क्षमाला टॉनिक पाजायची. चमच्यावरचा गंजासारखा वास तिच्या बोटांना दिवसभर यायचा. पण क्षमाचे दात पांढरेशुभ्रच राहिले. गालही तसेच.

एका सकाळी विभा गॅलरीत खिदळली. तिचे दात काळे होते.

"हे कशानं गं?" जानकीनं विचारलं.

"देव जाणे. औषध तर काहीच देत नाही मी."

जानकीनं टॉनिक बंद केलं. विभाचे दात उजळले. पुन्हा सुरू केलं. काळे पडले.

माझ्या पोरीच्या तोंडचं ही खातेय! तिच्या अंगाची आग आग झाली. दत्तारामला सांगितलं तर तो म्हणाला, "डोकं फिरलंय तुझं."

दुपारी तिनं खुंटीवरचा आदल्या दिवशीचा शर्ट काढला आणि क्षमाच्या गोधडीखाली पसरला. राखाडी धूळ बोटांना लागली. पोटची पोर इथं झोपणार होती. हात क्षणभर अडखळला. मग भिंतीपलीकडून विभाचं हसणं ऐकू आलं, आणि तिनं शर्टाच्या बाह्याही नीट पसरल्या.

पावसाळा सरेपर्यंत विभा सुकली. पोट धरून रडायची. क्षमाच्या गालांवर लाली चढली. नळावर बायका आता क्षमाला उचलून घ्यायच्या, आणि जानकीची कळशी वेळेवर नळाखालून निघायची.

शेवटी अनुपमा विभाला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि पोरीच्या पोटात शिसं गेल्याचं ऐकून तेच टॉनिक घेऊन आली.

थोड्याच दिवसांत, गॅलरीत चूळ भरताना क्षमा आईकडे पाहून हसली. दात काळे. घरातलं टॉनिक तर केव्हाच संपलं होतं.

जानकीनं झटकन तिच्या तोंडावर पदर धरला. पण दारात अनुपमा उभी होती. तिनं पाहिलं होतं.

ती वळली. विभाला कडेवर घेऊन आत गेली.

दुपारी कडी वाजली. अनुपमाच होती. चेहरा शांत.

"जानकी, भाऊजींचा एखादा कामावरचा शर्ट देतेस? न धुतलेला."

"कशाला गं?"

"विभाच्या अंथरुणात घालते."