नाड्याचं दुसरं टोक

केदार, तो मोबाईल उपडा ठेव. लाईट यायची तेव्हा येईल. बालाघाटात लाईटची वाट बघत बसून कुणाचं भलं झालेलं नाही. वल्लरी, तू ती लाकडं पुढं सार जरा. तुझा हा भाऊ झोपेच्या गोळ्या घेतो, असं तुझी आई सांगत होती. घेऊ दे बापडा. रात्री दोनपर्यंत तो पडदा डोळ्यांपुढं धरायचा आणि मग झोप येत नाही म्हणून रडायचं, याला काय म्हणावं? पण झोपेला खरोखर भ्यायलेला माणूस मी एकच पाहिला. त्याचं सांगतो. हा गुणाकर काका रिटायर झाल्यापासून फेकतो असं म्हणाल, तर म्हणा. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सुखराम त्याचं नाव. आमच्या मध्य प्रदेशच्या पाटबंधारे खात्यात मी बाबू होतो, तेव्हा तो जीप चालवायचा. किरनापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याचं घर आहे. नंतर तो शाळेची व्हॅन चालवायला लागला.

गेल्या हिवाळ्यात एकदा तो किरनापूरच्या बाजारात गेला आणि वसंताच्या दुकानात त्यानं परकराचा नाडा मागितला. पांढरा, सुती. बायकोला जाऊन तेव्हा दीड-दोन महिने झाले असतील. वसंता ओळखीचा, त्यानं सहज विचारलं, "कोनासाठी जी?"

सुखराम म्हणाला, "माह्यासाठी."

वसंतानं नाडा कागदात गुंडाळून दिला.

आता हा नाडा कशाला, ते ऐका. सुखरामला झोपेचा एक आजार होता. झोपेतून मन जागं व्हायचं, पण अंग जागं व्हायचं नाही. डोळे उघडे, वरची कौलं दिसताहेत, बायको बाजूला घोरताना ऐकू येतेय, आणि हात हलत नाही, जीभ हलत नाही. वर छातीवर कुणीतरी बसलेलं. गावातले म्हणाले, भगताकडे जा, लिंबू उतरव. सुखराम बौद्ध माणूस. "आमच्या घरी ते चालत नाई," म्हणाला, आणि सरळ इथं बालाघाटला डॉक्टरकडे आला. मीच घेऊन गेलो होतो त्याला. डॉक्टर तरुण होता, पण नीट ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "काका, ये भूत नहीं, नींद की बीमारी है." उताणं झोपू नको, कुशीवर झोप. रोज एकाच वेळी पाठ टेकव. दिवेलागणीनंतर चहा नको आणि खर्रा, ती घोटलेली तंबाखू-सुपारी, तर मुळीच नको. आणि म्हणाला, अशा वेळी दुसऱ्या कुणी नुसता हात लावला तरी माणूस त्यातून सुटतो.

सीतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एवढंच शेवटचं वाक्य धरून ठेवलं. तिच्या एक लक्षात आलं होतं. नवऱ्याचं सगळं अंग दगड झालं तरी पायाचा अंगठा तेवढा हलतो. मग तिनं आपल्या परकराचा लाल नाडा काढला. एक टोक त्याच्या अंगठ्याला, दुसरं आपल्या बोटाला. त्याचा अंगठा हलला की तिच्या बोटाला ओढ बसायची. ती उठून त्याला हलवायची. तो सुटला की परत आपल्या खाटेवर पडायची आणि नाड्याला दोन बारीक हिसके द्यायची. म्हणजे, मी आहे, झोप.

सीता आयुष्यभर बिड्या बांधत आली. तिला गाठ मारायची सवयच नव्हती. बिडीला बांधतात तसे दोन वेढे घ्यायचे आणि टोक नखानं आत खोचायचं. कितीही ओढा, सुटायचं नाही. सुखराम हसून सांगायचा, "बाबूजी, बायकोनं मले बिडीवानी बांधून ठेवलं." पण झोपायला लागला तो. चांगला झोपायला लागला.

मग सीता गेली. तापाचं निमित्त झालं. स्मशानात नेलं तेव्हा तो लाल नाडा तिच्या बोटाला तसाच होता. मुलगी दीपिका काढायला गेली, तर सुखराम म्हणाला, "राहू दे." सीतेबरोबर नाडाही जळाला. मी तिथं उभा होतो. सुखराम रडला नाही. घरी आला, व्हॅन पुसली. काही विचारलं तर "हौ" म्हणायचा. आनंदाचं असो की दुःखाचं, "हौ". आत काही उरलंच नव्हतं.

आणि झोप गेली. महिन्याभरात एका सकाळी भरल्या व्हॅनची पुढची चाकं नाल्याच्या काठावर जाऊन थांबली. झापड आली होती त्याला. आत पोरं होती, केदार. कुणाला काही झालं नाही, ते नशीब. मालकानं किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, नीट झोपायला लाग, मग ये.

तेव्हा दीपिका आली नागपूरहून. तिथं ती नर्स आहे. रजा काढली, ती संपली, बिनपगारी काढली. आईच्या खाटेवर झोपायची आणि तो नवा पांढरा नाडा बोटाला बांधायची. दोन खाटांच्या मध्ये धान्याची कोठी, त्यामुळे नाडा हातभर कमी पडायचा. पोरगी खाटेच्या अगदी कडेला, हात लोंबकळत ठेवून झोपायची. झोपायची कसली, जागायची. शेवटी नागपूरहून फोन आला, गुरुवारी रुजू झाली नाहीस तर दुसरी बाई घेतो.

"बाबा, मी नाई जात," ती म्हणाली.

"जा."

"मंग तुमाले कोन उठवन?"

सुखरामनं तिची बॅग उचलून दाराशी ठेवली.

ती रात्र बुधवारची. पौषातली अमावस्या. अमावस्या हे माझं मोजणं, त्याच्या बौद्ध घरी पौर्णिमा मोजतात. थंडी कडाक्याची. नऊला लाईट गेली. दीपिकानं नाडा बांधला, म्हणाली, "आज मी जागीच हावो, बाबा. झोपा तुमी."

पण किती रात्री जागणार? डोळा लागला पोरीचा.

सुखराम कुशीवर झोपला होता. झोपेत कधीतरी उताणा झाला. आणि मग... जाग आली.

हात हलेना.

घरात काळोख. कोठीची कड तेवढी दिसत होती. बाहेर रस्त्यावर एकही गाडी नाही. छातीवर वजन आलं. हळूहळू आलं, कुणी बेतानं बसावं तसं. श्वास वरवर चालू लागला.

त्यानं अंगठा हलवला.

काही नाही.

पुन्हा हलवला... नाडा सैल होता. तिकडून काहीच ओढ नव्हती. टोक सुटून पडलं असणार, हे त्याला कळलं. दीपिकाचा श्वास ऐकू येत होता. गाढ, दमलेल्या माणसाचा.

तो म्हणाला मला, "बाबूजी, मले वाटलं, आता झालं. अन् वाईट नाई वाटलं. काईच नाई वाटलं." मला हे ऐकवेना, पोरांनो. पण तो सांगत गेला.

तिसऱ्यांदा त्यानं अंगठा हलवला. उगाच. सवयीनं.

आणि नाडा ताणला गेला.

जोरात नाही. कुणी हातात गुंडाळून घ्यावा तसा. मग एक ओढ. छातीवरचं उतरलं. श्वास आत आला. हात सुटले.

तो तसाच पडून राहिला. थोड्या वेळानं... दोन बारीक हिसके.

"हौ," तो म्हणाला. दीपिकाला म्हणाला, असं त्याला वाटलं.

मग त्यानं मान वळवली. दीपिका भिंतीकडे तोंड करून झोपलेली. दोन्ही हात चादरीच्या आत.

नाडा मात्र ताठ होता. त्याच्या अंगठ्यापासून कोठीवरून, पोरीच्या अंगावरून, पलीकडे अंधारात गेलेला. खाटेपलीकडे नुसती भिंत आहे त्या घरात. आणि हातभर कमी पडणारा नाडा... तिथवर पोचला होता.

त्यानं पाय जरा जवळ घेतला. नाडा आला नाही. पाय पुढं केला, तर ढिला पडला नाही. तिकडून कुणीतरी ओढून घेतला.

आवाज नाही. बांगडी नाही. काही नाही.

बऱ्याच वेळानं सुखराम बोलला. हळू बोलला, पोरगी उठू नये म्हणून.

"दीपी उद्या चालली."

...

"जाऊ देऊ ना तिले?"

...

दोन हिसके.

मग तो झोपला. अरे, झोपला! तू-मी असतो तर उंबरठा ओलांडून किरनापूरपर्यंत पळत सुटलो असतो. तो कुशीवर वळला आणि उजाडेपर्यंत झोपला. मला त्या नाड्याची नाही इतकी त्या झोपेची भीती वाटते.

सकाळी दीपिका आधी उठली. बाप उठला तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, मांडीवर नाडा घेऊन. रंग उडालेला तिचा.

"बाबा, हा तुकडा कुठून आनला?"

"कोनता?"

तिनं दाखवला. पांढरा नाडा संपत होता तिथून पुढं लाल नाडा जोडलेला होता. जुना, धुवून धुवून विटलेला. आपल्या हातानं तो आईच्या बोटावर सारखा केला होता तिनं, चितेवर ठेवण्याआधी.  मग उठली, बापाला चहा करून दिला आणि दुपारच्या गाडीनं नागपूरला गेली. गुरुवारीच रात्रपाळीला रुजू झाली.

सुखरामला महिन्याभरानं किल्ली परत मिळाली. आता ठरल्या वेळी झोपतो, कुशीवर झोपतो, खर्रा सोडलाय. रात्री नाड्याचं एक टोक अंगठ्याला बांधतो आणि दुसरं रिकाम्या खाटेवर ठेवतो. माणूस अजून "हौ"च्या पुढं फारसा बोलत नाही. पण व्हॅन सरळ चालते.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो त्याच्याकडे. म्हटलं, दाखव. त्यानं खाटेवरून उचलून माझ्या हातात दिला. पांढरा आणि लाल, मध्ये जोड. गाठ नव्हती. दोन वेढे घेतलेले आणि टोक आत खोचलेलं. मी दोन्हीकडून ओढून पाहिलं. सुटलं नाही.

मग नाकाशी नेला. म्हटलं, जळालेली वस्तू आहे, धुराचा वास तर येईल. नाही आला.

बिडीच्या पानांचा आला. ओल्या, नुकत्याच कापलेल्या.