आग लागलीय आणि हा कितवा मजला म्हणून विचारतोय!

कादंबरी गोसावीला राग यायला फारसं कारण लागत नसे. आज तर भक्कम कारण होतं. समोरच्या इमारतीतल्या गादी कारखान्यातून काळा धूर निघत होता. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचे पेटीचे सर, उपळेकर सर, कानातलं श्रवणयंत्र काढून दुपारची झोप घेत होते. उशाशी नगारा वाजवला तरी ते उठले नसते. आणि इकडे अग्निशमन दलाचा यंत्रमानव फोनवर तिची तोंडी परीक्षा घेत होता.

"नमस्कार. आग कुठे लागली आहे?"

"जुन्या तेलघाण्यासमोर!"

"माझ्या नकाशात तेलघाणा नाही."

"कसा असेल? तो माझ्या जन्माआधीच पाडला!"

"मग तुम्ही तो पत्ता म्हणून का सांगता?"

गावात सगळेच तसं सांगत. कादंबरी दातओठ खात म्हणाली, "मारुती गल्ली. शांतिबन."

"धन्यवाद. कोणत्या मजल्यावर?"

"तळमजल्यावर! बंब पाठव आधी!"

"काय जळतं आहे? कापूस, तेल, गॅस की वीज?"

कादंबरीने फोन छातीशी दाबला आणि बाल्कनीत शेजारी उभ्या असलेल्या आजोबांकडे वळली. हा यंत्रमानव त्यांनीच तयार केला होता आणि कौतुकाने त्याचं नाव 'दक्ष' ठेवलं होतं, त्यामुळे तक्रार घरच्या घरी करता येत होती.

"आजोबा, तुमचा दक्ष ठार बावळट आहे! सर तिकडे गुदमरतील आणि हा प्रश्नपत्रिका काढत बसलाय!"

"बंब निघालासुद्धा," आजोबा शांतपणे म्हणाले.

"कधी?"

"तू शांतिबन म्हणालीस तेव्हाच."

"बोलतोय तर माझ्याशी! पाठवला कोणी?"

"दमयंतीबाईंनी. नियंत्रण कक्षात (जिथे शहरातली प्रत्येक वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते ती खोली) ऐकणारा वेगळा आणि पाठवणारा वेगळा. तुझं एकेक उत्तर दमयंतीबाईंच्या पडद्यावर उमटतं. पत्ता आधी विचारतात, कारण पुढे फोन तुटला तरी बंब तुझ्यापर्यंत पोहोचतो. बाकीचे प्रश्न वाटेवरच्या बंबासाठी असतात."

"मग हे मला सांगायचं ना त्याने!"

"तू बोलू दिलंस तर सांगेल."

कादंबरीने फोन पुन्हा कानाला लावला. "कापूस. गादी कारखाना आहे."

"कापूस विझला असं वाटतं, पण आत धुमसत राहतो (ज्वाळा न दिसता जळतो). पाण्याचा जादा टँकर सोडला आहे. विजेवाल्यांनाही कळवलं. आत कोणी आहे?"

"दुसऱ्या मजल्यावर उपळेकर सर! झोपलेत, आणि त्यांना ऐकू येत नाही!"

"मग हाक मारून उपयोग नाही. शिडीचा बंबही निघाला. श्वासयंत्र लावलेले जवान (पाठीवरच्या नळकांड्यातून हवा घेणारे) खिडकीतून आत जातील. बंबाच्या वाटेत काही अडथळा?"

"काही नाही!"

आजोबा खाकरले आणि त्यांनी चौकाकडे बोट दाखवलं.

गल्लीच्या तोंडाशी स्वागत कमान होती. साहेबांचा वाढदिवस होता. कमानीवरून साहेब हात जोडून हसत होते. गावात दर पंधरवड्याला कुणाची तरी कमान उभी राही, त्यामुळे गावकऱ्यांना कमानी दिसायच्याच बंद झाल्या होत्या.

"कमान आहे!" कादंबरी किंचाळली.

"माझ्या नकाशात नाही."

"ती काल उगवलीय!"

"खालून काय जातं?"

"रिक्षा जाते. कचऱ्याची गाडी अडकते."

"मग बंब जाणार नाही. दुसरी वाट?"

"पलीकडे भिंत आहे."

"कमान आगीपासून लांब असेल तर मोठ्या माणसांकडून उतरवून घ्या. धुराकडे जाऊ नका. फोन चालू ठेवा."

कादंबरी आजोबांचा हात धरून धावली. चौकात बरेच लोक जमून आगीचं चित्रीकरण करत होते. कमानीला टेकून बंटीदादा उभा होता. ती त्यानेच बांधली होती.

"बंटीदादा, कमान उतरवा! बंब येतोय!"

"अगं, साहेब यायचेत संध्याकाळी. परवानगीशिवाय कशी काढू?"

"लावताना घेतली होती?"

बंटीदादाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा आकाशाकडे पाहत होते. कादंबरीने फोनचा आवाज मोठा केला.

"नमस्कार," दक्ष म्हणाला. "कमान काढायला कोणाची हरकत आहे? पूर्ण नाव सांगा. आत एक माणूस झोपलेला आहे. वर्दीत नोंद करायची आहे."

चित्रीकरण करणारे सगळे फोन बंटीदादाकडे वळले.

"हरकत कोण घेतंय?" म्हणत तो दोरीच्या गाठी सोडायला लागला. मग वीसेक हात लागले आणि साहेब हात जोडलेलेच रस्त्यावर आडवे झाले. त्यांना जेमतेम बाजूला ओढतात तोच घंटा वाजवत पहिला बंब आत शिरला, मागोमाग शिडीचा. जवान खिडकीतून आत गेले. कादंबरीने आजोबांचा हात इतका घट्ट धरला की त्यांनी तोंड वाकडं केलं, पण सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने जवानांच्या खांद्यांना धरून सर शिडीवरून उतरले, बनियनवर, खोकत आणि भयंकर चिडलेले. "दार वाजवायची पद्धत आहे की नाही?" ते सगळ्यांना विचारत होते.

कादंबरी हसता हसता रडली. मग एकदम थबकली. "आजोबा, बंब सगळे इथे! आत्ता दुसरीकडे आग लागली तर?"

"शेजारच्या केंद्रातला बंब आपल्या रिकाम्या केंद्रात येऊन उभा राहिला असेल. दमयंतीबाई या एकाच आगीकडे बघत नाहीत, सगळ्या शहराकडे बघतात."

"नकाशात दिसणाऱ्या शहराकडेच ना? पोस्टासमोर एक कमान आहे. दवाखान्यापाशी दोन!" तिचा आवाज पुन्हा चढला. "दक्ष, लिहून घे!"

"उंची?" दक्षने विचारलं.

"आजोबा, घरातली मोजपट्टी आणा," कादंबरी म्हणाली. "आणि बंटीदादा, निघालात कुठे? शिडी तुम्ही धरायचीय."